हरभऱ्याचं कुलूप आणि घाटेअळीचं पोट



पौषातल्या पहाटे हरभऱ्याच्या रानातून फडकं ओढून आंब गोळा करायची रीत आपल्या घरातल्या जुन्या माणसांना चांगली ठाऊक आहे. दवानं भिजलेल्या पाल्यावरून स्वच्छ फडकं फिरवायचं, ते बाटलीत पिळायचं आणि बाटली जपून ठेवायची. कुणाचं पोट दुखलं, अजीर्ण झालं, की थोडी आंब पाण्यातून द्यायची. मेढा, केळघर, करहर, कुडाळ या आपल्या पट्ट्यात भात निघाल्यावर ज्या रानात ओल टिकते तिथं हरभरा पडतो, आणि त्या रानातून अनवाणी चाललं की पाय चुरचुरतात, तेही याच आंबेमुळं.

ही आंब पिकानं आपल्या पोटदुखीसाठी केलेली नाही. हरभऱ्याच्या पानावर बारीक लव असते आणि त्या लवेतून ही आंब सुटते. तिच्यात मुख्यतः दोन आम्लं असतात, मॅलिक आणि ऑक्झॅलिक. हैदराबादजवळ पाटणचेरू इथं १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था स्थापन झाली. तिथल्या संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिलं, की यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळं घाटेअळीची वाढ मंदावते. म्हणजे आंब ही हरभऱ्याची राखण आहे. कुंपणावरची राखण म्हणा हवं तर.

पण शहाणा माणूस नुसत्या कुंपणावर भरवसा ठेवत नाही, कणगीच्या खोलीलाही कुलूप लावतो. हरभऱ्यानंही तेच केलेलं आहे. दाण्याच्या आत त्यानं एक कुलूप ठेवलेलं आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही. आणि तरीसुद्धा घाटेअळी दरवर्षी आपला हरभरा पोखरते. एक अळी आपल्या आयुष्यात तीस-चाळीस घाट्यांचं नुकसान करते. मग ते कुलूप गेलं कुठं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला जगातल्या शास्त्रज्ञांना पाऊणशे वर्षं लागली, आणि त्या उत्तरातला मोठा वाटा आपल्या पुण्यात, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत निघाला. ती हकीकत आज सांगायची आहे.

आधी पचन म्हणजे काय ते पाहू. डाळीतलं प्रथिन म्हणजे लांबच लांब साखळी. ती तशीच अंगी लागत नाही. पोटातला पाचकरस तिचे बारीक तुकडे करतो, मग ते तुकडे रक्तात जातात. पाचकरसातल्या या कापणाऱ्या घटकाला शास्त्राच्या भाषेत विकर म्हणतात, आपण त्याला पाचक म्हणू. माणसाच्या, जनावराच्या, कोंबडीच्या आतड्यात असं एक महत्त्वाचं पाचक असतं, त्याचं नाव ट्रिप्सिन. जर्मनीतल्या क्यूने नावाच्या शास्त्रज्ञानं १८७६ साली ते नाव दिलं. अळीच्या पोटातही ट्रिप्सिनच्याच जातकुळीतली पाचकं असतात. सुपारी कातरायचा अडकित्ता डोळ्यांपुढं आणा. पाचक म्हणजे अडकित्ता आणि प्रथिन म्हणजे सुपारी. आता एखादी सुपारी अशी निघाली, की ती फुटतही नाही आणि जबड्यातून सुटतही नाही, तर अडकित्ता कामातून गेला. कडधान्याच्या दाण्यात अशीच काही प्रथिनं असतात. ती पाचकाच्या जबड्यात जाऊन घट्ट बसतात. त्यांना आपण रोधक म्हणू. हरभऱ्याचं कुलूप ते हेच.

याचा सुगावा पहिल्यांदा लागला तो किडीवरून नव्हे, सोयाबीनवरून. १९१७ साली अमेरिकेत ऑसबोर्न आणि मेंडेल या दोघांनी उंदरांना कच्च्या सोयाबीनवर ठेवलं, तर उंदीर वाढेनात. तेच सोयाबीन शिजवून दिलं तर वाढायला लागले. सोयाबीन आज आपल्या जिल्ह्यात घरोघर आहे, आणि कच्चं सोयाबीन कोंबड्यांना घालू नये हे कोंबड्या पाळणाराला सांगावं लागत नाही. पण त्या वेळी कारण कुणाला कळलं नव्हतं. ते कळायला पाव शतक गेलं. १९४५ साली मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून ट्रिप्सिनला अडवणारं प्रथिन शुद्ध करून त्याचे स्फटिक काढून दाखवले. तेव्हा कुलूप हातात आलं. उष्णतेनं ते मोडतं, म्हणून शिजवलेल्या दाण्यात त्याचा त्रास राहत नाही. आपल्या बायाबापड्या वाल-पावटा भिजवून, मोड आणून, शिजवून घालतात, त्यात ही अक्कल पिढ्यान् पिढ्या आलेली आहे.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती अळीच्या बाबतीत उपयोगी पडणार आहे. १९४८ साली कोंबडीच्या पिलांवर प्रयोग झाले. कच्चं सोयाबीन खाणाऱ्या पिलांचं स्वादुपिंड, म्हणजे जिथं ट्रिप्सिन तयार होतं तो अवयव, मोठं झालेलं आढळलं. पाचक अडकलं, की शरीर म्हणतं आणखी पाचक कर. पण पाचक हेसुद्धा प्रथिनच. ते करण्यात अंगातला ऐवज खर्ची पडतो आणि वाढ खुंटते. चार अडकित्ते मोडले म्हणून घरातली भांडी मोडीत घालून नवे अडकित्ते घ्यावे, त्यातली गत.

किडीशी याचा संबंध जोडला गेला तो जवळपास त्याच सुमाराला. १९४७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या दोघांनी पाहिलं, की पिठात होणारा तांबडा किडा काही सोयाबीन पिठांत नीट वाढत नाही. पण ते साठवणीचं काम होतं, त्याकडं फारसं कुणी वळून पाहिलं नाही. खरी खळबळ उडाली १९७२ साली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ग्रीन आणि रायन यांनी बटाट्याच्या आणि टोमॅटोच्या झाडांवर बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगा सोडला. हा भुंगा सुदैवानं आपल्या देशात नाही. भुंग्यानं पान कुरतडलं आणि काही तासांतच झाडात रोधक साठायला लागले. आणि तेसुद्धा फक्त कुरतडलेल्या पानात नाही, न कुरतडलेल्या पानांतही. म्हणजे एका पानाला जखम झाली आणि झाडानं बाकीच्या पानांना सांगावा धाडला. झाड मुकं असतं, पण बेसावध नसतं, हे त्या दिवशी शास्त्रीय कागदावर आलं.

मग शास्त्रज्ञांच्या मनात आशा निर्माण झाली, आणि ती साहजिक होती. एका पिकाचं कुलूप काढून दुसऱ्या पिकाला लावता आलं तर? त्याच काळात जनुक एका झाडातून दुसऱ्यात घालायची विद्या हाती आली होती. १९८७ साली इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या मंडळींनी चवळीतल्या रोधकाचा जनुक तंबाखूत घातला. त्या तंबाखूवर घाटेअळीची अमेरिकेतली भावकी, म्हणजे तंबाखूची कळी खाणारी अळी सोडली, तर तिचा जोर कमी पडला. चवळी आपण खातोच, तेव्हा माणसाला त्याचं भय नाही, अळीला मात्र पोटावर मार. लोकांना वाटलं, आता फवारणीचे दिवस सरले.

सरले नाहीत. कारण अळीच्या पोटात काय काय आहे हे कुणी पुरतं पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांचा हिशेब असा होता, की अळीकडं एक अडकित्ता आहे, तो अडकवला की काम झालं. १९९५ साली हॉलंडमधल्या वागेनिंगेन इथल्या योंगस्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब खोटा ठरवला. त्यांनी बटाट्यातल्या रोधकाचा जनुक तंबाखूत घातला आणि त्यावर लष्करी अळीच्या जातकुळीतली एक अळी वाढवली. अळी आरामात वाढली. तिचं पोट तपासलं तेव्हा कळलं, की साध्या तंबाखूवर वाढलेल्या अळीच्या पाचकांपैकी ७८ टक्के काम त्या रोधकानं अडवता येत होतं, आणि रोधक असलेल्या तंबाखूवर वाढलेल्या अळीच्या बाबतीत फक्त १८ टक्के. अळीनं आपले अडकित्तेच बदलले होते. रोधकात न अडकणारी पाचकं तिनं अडीच पटीनं वाढवली होती.

आता आपल्या पुण्याकडं येऊ. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्‌घाटन जानेवारी १९५० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. नाव रासायनिक असलं, तरी तिथं वनस्पतींवर काम करणारा मोठा गट होता. डॉ. प्रभाकर रांजेकर आणि डॉ. विद्या गुप्ता यांच्या गटात नव्वदीच्या दशकात अशोक गिरी, अभय हर्सुलकर ही तरुण मंडळी घाटेअळीच्या पोटामागं लागली. त्यांनी प्रश्न सरळ धरला. परदेशी तंबाखू आणि परदेशी अळी राहू द्या, आपला हरभरा आणि आपली घाटेअळी यांच्यात काय चाललंय ते पाहू.

त्यांनी हरभऱ्याचे दाणे घाट्यात भरत असतानाच्या वेगवेगळ्या अवस्थांत काढून त्यांतले रोधक मोजले. रोधक होते, चांगले भरपूर होते. दाणा भरत जाईल तसे ते वाढतही होते. ट्रिप्सिनवर घातले तर ट्रिप्सिन अडत होतं. पण अळीच्या पोटातून काढलेल्या पाचकरसावर तेच रोधक घातले, तर जोर तितका दिसेना. आणि पुढं जे दिसलं ते विशेष आहे. अळीच्या पाचकरसात ठेवलेले हरभऱ्याचे रोधक स्वतःच तुटून गेले. म्हणजे अळी कुलूप चुकवून आत शिरत नव्हती, ती कुलूपच चावून खात होती. कुलूपही प्रथिनाचंच, तेव्हा तिच्या दृष्टीनं तोही एक घासच. हा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याचा दाखला दिला गेला. माझ्या मते हरभरा पिकवणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी, निदान बियाणं विकणाऱ्याचं बोलणं तोलून पाहायला तरी.

पुढच्याच वर्षी, १९९९ साली, त्याच गटानं आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो मी जरा सविस्तर सांगतो, कारण त्याची मांडणी शेतकऱ्याच्या डोक्यात बसण्याजोगी आहे. सहा पिकांचे रोधक घेतले. तीन अशी, ज्यांवर घाटेअळी नेहमी पोसते : हरभरा, तूर आणि कापूस. तीन अशी, जी तिचा नेहमीचा खुराक नव्हेत : भुईमूग, बटाटा आणि चौधारी घेवडा. चौधारी म्हणजे कोकणात परसदारी वेलावर होते ती चार धारांची शेंग. निकाल असा आला, की नेहमीच्या खुराकातल्या पिकांचे रोधक अळीच्या पाचकांपुढं निकामी ठरले. आणि ज्यांची अळीला सवय नव्हती, त्या भुईमूग, बटाटा, चौधारीच्या रोधकांनी तिची पाचकं चांगली अडवली, तिची वाढ खुंटवली.

याचा अर्थ काय? ओळखीच्या घरच्या कुत्र्याला चोर भाकर टाकून गप्प करतो, अनोळखी कुत्रा अंगावर येतो. हरभऱ्याशी अळीची ओळख फार जुनी आहे. हरभऱ्यानं कुलूप बदललं, की ज्या अळीला किल्ली सापडली ती जगली, बाकीच्या मेल्या. जगली तिची अंडी, तिचीच पोरं. हरभऱ्याचं पीक वर्षातून एकदा. अळीच्या मात्र वर्षात अनेक पिढ्या, आणि एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. या शर्यतीत कोण पुढं जाणार हे सांगायला नको.

पण त्या प्रयोगात याहूनही महत्त्वाचं एक वाक्य आहे. बटाट्याचा रोधक खाऊन ज्या अळ्या जगल्या, त्यांनी त्यात न अडकणारी नवी पाचकं तयार केली, अगदी वागेनिंगेनमध्ये दिसलं होतं तशीच. मात्र ही नवी पाचकं चौधारीच्या रोधकात अडकली. म्हणजे अळी पहिल्या कुलपातून सुटते ती नेमकी दुसऱ्या कुलपाकडं जाते. म्हणून या मंडळींनी सुचवलं, की रोधक एकटा वापरू नका, एकामागून दुसरा असा वापरा. पुढं २००३ साली त्याच प्रयोगशाळेतून कारल्याच्या बियांतल्या रोधकांवरचं काम प्रसिद्ध झालं. ते घाटेअळीच्या जोडीला पानं खाणाऱ्या तंबाखूच्या अळीवरही भारी पडले. ढोबळी मिरचीच्या कुळातल्या रोधकांवरही तिथं काम झालं.

आता तुम्ही विचाराल, अळी एवढी हुशार असते का? हुशार वगैरे काही नाही. तिच्या अंगात पाचकांचे जनुक पुष्कळ आहेत, एक-दोन नव्हेत. घरात दहा विळे असावेत, एक बोथट झाला की दुसरा काढावा, तसं तिचं आहे. पुण्याच्या गटानं २००१ साली दाखवलं, की वेगवेगळ्या पिकांवर वाढलेल्या घाटेअळीच्या पोटात पाचकांची मांडणी वेगवेगळी असते. हीच अळी कपाशीवर हिरवी बोंडअळी म्हणून, तुरीवर शेंगा पोखरणारी म्हणून, टोमॅटोवर फळ पोखरणारी म्हणून आपल्याला भेटते. भारतात १८० हून जास्त वनस्पतींवर तिची नोंद आहे. इतक्या ताटांत जेवायचं तर पोटही तसंच लागतं. तेव्हा इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एकाच अळीनं आपल्या हयातीत पाचक बदलणं ही एक. आणि पिढ्यान् पिढ्या निवड होत होत सगळी जातच पक्की होणं ही दुसरी. घाटेअळीत दोन्ही आहेत.

कणगीतल्या भुंग्याची तऱ्हा तर आणखी निराळी. चवळी-मुगाला जो भुंगा लागतो, त्याच्या पोटात मुख्य काम ट्रिप्सिनचं नसतंच. त्याचं पोट थोडं आंबटसर आणि त्यातली पाचकं वेगळ्या जातीची. तेव्हा दाण्यातल्या ट्रिप्सिन अडवणाऱ्या रोधकाला तो फारशी दाद देत नाही. अमेरिकेत सोयाबीनमधला, नेमका त्याच्या जातीच्या पाचकांना अडवणारा रोधक त्याला खायला घातला. सुरुवातीला भुंग्याच्या अळीची वाढ मंदावली, पण पुढं ती सावरली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात तिच्या तीन युक्त्या सांगितल्या आहेत : आधीची पाचकं भरमसाट करायची, न अडकणारी दुसरी पाचकं काढायची, आणि रोधकच कापून टाकणारी पाचकं तयार करायची. कोंबडीचं पिलू पहिल्या युक्तीवर थांबलं होतं, हे आठवत असेल. किडा तिन्हीही करतो.

बीटीचं काय, हा प्रश्न इथं येणारच. बीटी कापसातलं विष हे कापसाचं स्वतःचं नव्हे, ते जमिनीतल्या एका जिवाणूचं प्रथिन आहे. ते भारतात मार्च २००२ मध्ये मंजूर झालं. पण त्याचाही पचनाशी संबंध आहे, आणि तो उलटा आहे. जिवाणूत हे प्रथिन निद्रिस्त असतं. अळीच्या पोटातली पाचकं ते कापतात तेव्हा ते जागं होतं. म्हणजे अळी आपल्याच अडकित्त्यानं आपलं मरण कातरते. मग यातून सुटायचं तर काय करावं? अडकित्ता टाकून द्यावा! १९९७ साली अमेरिकेत साठवणीतल्या धान्यावरच्या एका पतंगाच्या बाबतीत हेच आढळलं. बीटीला दाद न देणाऱ्या अळ्यांच्या पोटात ते मुख्य पाचकच नव्हतं. दिल्लीतल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत प्रयोगशाळेत निवडून तयार केलेल्या घाटेअळ्यांतही पाचकांनी हे प्रथिन नीट न कापणं हेच कारण निघालं, ते २००९ साली प्रसिद्ध झालं. एका शत्रूसाठी पाचक वाढवायचं आणि दुसऱ्यासाठी टाकायचं. शेंदरी बोंडअळीनं गुजरातेत बीटीला दाद देणं सोडल्याचं २०१० साली जाहीर झालं आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात तिनं हाहाकार केला, पण तिची मुख्य वाट पोटातल्या पाचकाची नसून विष जिथं चिकटतं ती जागा बदलण्याची आहे. ती हकीकत वेगळी.

फवारणीच्या विषाचंही तसंच झालेलं आहे. १९८७ साली आंध्र प्रदेशात कपाशीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांच्या फवारणीवर फवारणी झाली आणि घाटेअळी मरेना. विष निकामी करणारी विकरं तिच्या अंगात आधीपासून थोडीफार होतीच, ती ज्यांच्यात जास्त होती त्या अळ्या उरल्या.

काही शंका येतील त्यांचा इथंच निकाल लावू. कारल्याच्या बिया वाटून हरभऱ्यावर फवारल्या तर? त्याच्या नादी लागू नका. प्रयोगशाळेत ते रोधक शुद्ध करून अळीच्या खाण्यात मोजून मिसळलेले होते. उन्हात, दवात, पानावर फवारलेल्या गाळाचं तसं होत नाही. हरभऱ्याच्या बांधाला चौधारी लावली तर? चौधारीचा रोधक चौधारीच्या दाण्यात, तो हरभऱ्याच्या घाट्यात उतरत नाही. शेंग खायला मिळेल एवढंच. रोधकाचा जनुक घातलेलं हरभऱ्याचं बियाणं मिळतं का? आपल्या देशात असं कोणतंही बियाणं शेतकऱ्याला विकायला मंजूर झालेलं नाही. कुणी त्या नावानं पिशवी आणली तर घेऊ नका आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात कळवा. आणि कच्चा हरभरा आपल्याला बाधेल का? हावळा भाजून, उसळ शिजवून, डाळ करून खाणाऱ्याला त्याची चिंता नाही.

मग हरभरा राखायचा कसा? अळीच्या पोटाबद्दल जे कळलं, त्यावरूनच काही गोष्टी सोप्या होतात. अळीचं पोट आपल्यासारखं आंबट नसतं. ते चुन्याच्या निवळीसारखं खारट बाजूचं, अल्कलीचं असतं. तिची पाचकं त्यातच जोरात चालतात. हरभऱ्याचं कुलूप मोडण्याचं बळ तिला त्याच पोटात मिळतं. आणि घाटेअळीला रोग आणणारा एक विषाणू आहे, त्याला एच.ए.एन.पी.व्ही. म्हणतात. त्याचे कण एका टणक कवचात असतात आणि ते कवच नेमकं अल्कलीत विरघळतं. अळीनं पानाबरोबर विषाणू खाल्ला, की तिचं पोट ते कवच उघडून देतं. दुसऱ्या कीटकांना, मधमाशीला, गुराला, माणसाला तो काही करत नाही.

हा विषाणू उन्हानं मरतो, म्हणून फवारणी दुपार टाळून संध्याकाळी करावी. द्रावणात थोडी नीळ मिसळतात, ती उन्हापासून आडोसा म्हणून. प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं, ते पाळावं, आणि बाटलीवरची मुदत पाहून घ्यावी. अळी लहान असतानाच फवारावं. मोठी झालेली, घाट्यात तोंड घालून बसलेली अळी मरायला वेळ घेते आणि तोवर खायचं ते खाऊन घेते. लहान अळी ओळखायची खूण म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांचा हिरवा भाग खरवडलेला दिसतो, पानं पांढुरकी पडतात.

पण फवारणीच्याही आधी दोन कामं. हरभरा पेरतानाच त्यात ज्वारीचे थोडे दाणे टाकावेत. ती ताटं पिकाच्या वर आली, की साळुंक्या, कोतवाल त्यांवर बसतात आणि अळ्या टिपतात. पक्ष्याच्या चोचीला कोणत्याही रोधकाची अडचण नाही. आणि कळी लागायच्या सुमाराला हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात सलग दोन-तीन रात्री आठ-दहा पतंग पडायला लागले, किंवा एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या सापडायला लागल्या, की फवारणीची वेळ झाली असं समजावं. पहिली फवारणी पाच टक्के निंबोळी अर्काची. पाच किलो निंबोळीचा भुगा रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यानं गाळून, शंभर लिटर द्रावण करायचं. निंबोळी अळीचं खाणं सोडवते आणि कात टाकण्यात बिघाड करते, म्हणजे तिचा मार पाचकावर नाही, दुसरीकडंच आहे. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी विषाणूची फवारणी. रासायनिक औषधाची गरज त्यानंतरही पडलीच, तर गेल्या वर्षी जे मारलं तेच या वर्षी मारू नये, आणि एका हंगामात एकच औषध दोनदा वापरू नये.

विषाणू फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळ्या पडल्या नाहीत म्हणून घाबरून लगेच दुसरं औषध मारू नका. चार-पाच दिवस जाऊ द्या. आजारी अळी खाणं सोडून झाडाच्या शेंड्याकडं चढते आणि मागच्या पायांवर उलटी लटकून मरते. अंग फुटून जो द्रव पानांवर गळतो, त्यात तोच विषाणू असतो, आणि ती पानं खाणाऱ्या दुसऱ्या अळ्यांनाही तो धरतो. म्हणून त्या लटकलेल्या अळ्या रानातून काढून टाकू नयेत, तिथंच राहू द्याव्यात.